छावणीतली शाळा आणि 1912चा हंगाम

आमच्या मराठी मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या परिसरातल्या एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास हवा आणि तो तुम्हीच लिहायचा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. हे काम माझ्या अंगवळणी पडलेलं. भारतात असताना गावच्या हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवाला असा एक इतिहास मी लिहून दिला होता, त्यामुळे साचा पाठ होता. पहिल्या पानावर संस्थापकांची तसबीर, मग भाड्याच्या दोन खोल्यांत लावलेलं रोपटं, त्याचा वटवृक्ष, माजी विद्यार्थ्यांतले एक कलेक्टर, क्रीडास्पर्धांतल्या ढाली आणि शेवटी इमारत निधीचं आवाहन.

पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या हॅरिसबर्गहून पश्चिमेला वीसेक मैलांवर कार्लाइल आहे. तिथल्या 'कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल'चा इतिहास लिहायला घेतला आणि साचा बसेना. संस्थापक आहेत, तसबीर आहे, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरचा पराक्रम तर असा की हार्वर्ड आणि वेस्ट पॉइंटची नावं पराभूतांच्या यादीत आहेत. अडचण पहिल्याच परिच्छेदात येते. 'संस्थापकांचा उदात्त हेतू' हे शब्द लिहायचे असतात, आणि तिथेच हात थांबतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. या शाळेतला 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाची वाट चुकली आणि ज्यांच्या दारात तो उतरला त्यांना आपलं नाव चिकटलं. आपण शाळेत 'रेड इंडियन' शिकलो. ते स्वतःला लाकोटा, शायेन, अरापाहो, होपी, चिपेवा, सॅक अँड फॉक्स अशा आपापल्या नावांनी ओळखतात. कार्लाइलच्या शाळेत 39 वर्षांत 140हून अधिक जमातींची सुमारे 7,800 मुलं आली. त्यांना एकच नाव देण्याचं काम याच शाळेनं केलं, आणि गंमत अशी की तेच नाव पुसून टाकण्यासाठी ती काढलेली होती.

संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे घोडदळातले अधिकारी. 1875 साली फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनच्या किल्ल्यात पश्चिमेकडच्या मैदानी जमातींचे 72 कैदी त्यांच्या ताब्यात दिले गेले. प्रॅटनी त्यांच्या बेड्या काढल्या, केस कापले, सैनिकी गणवेश चढवले आणि इंग्रजी शिकवायला बाया नेमल्या. प्रयोग यशस्वी झाला असं त्यांचं मत पडलं. मग कार्लाइलची ओस पडलेली लष्करी छावणी सरकारकडून मागून घेतली. आज आपण जिला निवासी शाळा म्हणतो तिची ही कल्पना तुरुंगात सुचलेली होती, ही गोष्ट प्रॅटनी कधी लपवली नाही. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला इंडियन मारावा लागेल, हे तर 1892मध्ये त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. आणि हे त्यांनी त्या लोकांच्या बाजूनं म्हणून सांगितलं, कारण तेव्हा दुसऱ्या बाजूचे लोक माणूसही वाचवायचा नाही म्हणत होते. प्रॅटना नुसतं खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही ते यासाठी.

6 ऑक्टोबर 1879च्या मध्यरात्री 82 मुलांची पहिली तुकडी डाकोटा प्रदेशातून आगगाडीनं कार्लाइलला उतरली. त्यात ओटा क्ते नावाचा एक लाकोटा मुलगा होता. आपल्याला पूर्वेकडे नेतात ते मरायला, आणि बापाला अभिमान वाटावा म्हणून धीरानं मरायचं, अशी त्याची समजूत होती. पुढे त्यानं आत्मचरित्रात वर्गातला एक प्रसंग लिहिला आहे. फळ्यावर पांढऱ्या खुणा काढलेल्या. मुलांच्या हाती छडी द्यायची आणि त्यातली एक खूण दाखवायला सांगायचं. ज्या खुणेवर छडी टेकली ते त्या मुलाचं नाव. ओटा क्तेची छडी 'ल्यूथर'वर टेकली. पुढे तो ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावानं लेखक म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बारशाला कानात कुर्रर्र करून नाव सांगतात. इथे छडीनं काम भागलं.

केस कापले गेले, मोकासिन जाऊन बूट आले, सकाळी कवायत, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवण, धुणं. आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. आपण दर रविवारी मराठी शाळा भरवतो, 'आता इंग्रजी नाही हं' म्हणून पोरांच्या मागे लागतो आणि पोरं आपल्याला दाद देत नाहीत. वीस मैलांवर हेच उलट्या दिशेनं चाललं होतं आणि तिथे दाद न देण्याची सोय नव्हती. उन्हाळ्यात मुलांना घरी पाठवत नसत. आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला पाठवत, म्हणजे घराचा विसर पडेल.

फुटबॉल या अभ्यासक्रमात नव्हता. 1890च्या सुमारास मुलं आपापसात खेळू लागली, गावातल्याच डिकिन्सन कॉलेजशी सामना ठरला आणि त्यात एका मुलाचा पाय मोडला. प्रॅटनी बाहेरच्या संघांशी खेळणं बंद केलं. मग चाळीसेक मुलं एक दिवस त्यांच्या कचेरीत शिरली. त्यांच्यातला उत्तम बोलणारा पुढे झाला आणि त्यानं बंदी उठवण्यासाठी भाषणच केलं. प्रॅटना हसू आवरेना, पण ते विरघळले. अटी दोनच: समोरच्यानं कितीही डिवचलं तरी ठोसा मारायचा नाही, कारण तुम्ही हात उचललात की 'बघा, रानटीच' असं म्हणायला लोक टपलेले आहेत, आणि तीन-चार वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचं. मुलांनी दोन्ही कबूल केल्या. प्रॅटनी स्वतःच हा प्रसंग आठवणींत लिहून ठेवला आहे. या संस्थेच्या इतिहासात विद्यार्थ्यांनी काही मागितलं आणि ते त्यांना मिळालं, असं फार वेळा घडलेलं नाही.

पहिले चांगले प्रशिक्षक हॅरिसबर्गचे मिळाले: व्हॅन्स मॅकॉर्मिक, येलचे माजी कप्तान, पुढे आपल्या हॅरिसबर्गचे महापौर. 1896 साली कार्लाइलनं प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, म्हणजे तेव्हाचे 'चार मोठे', यांच्याशी एकाच हंगामात झुंज घेतली. चारही सामने हरले. येलविरुद्ध मात्र त्यांचा एक खेळाडू पकडीतून निसटून शेवटच्या रेषेपार गेला होता. पंचांनी शिट्टी आधीच वाजली म्हणून तो टचडाउन नाकारला. शिट्टी वाजवणारा पंच कार्लाइलचाच प्रशिक्षक होता आणि तो येलचा माजी विद्यार्थी होता. त्या काळी असं चालत असे.

1899मध्ये ग्लेन वॉर्नर आले, सगळे त्यांना 'पॉप' म्हणत. हा माणूस म्हणजे डोकेबाज आणि थोडा लबाड. 1903मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी काय केलं ते ऐका. शिंप्याकडून एका जर्सीच्या मागच्या बाजूला आत इलॅस्टिक शिवून घेतलं. उत्तरार्धाच्या सुरुवातीला हार्वर्डनं लाथाडलेला चेंडू कार्लाइलच्या मुलांनी झेलला, सगळे घोळका करून उभे राहिले आणि तेवढ्यात तो चार्ली डिलन नावाच्या भरदार गड्याच्या पाठीवर, जर्सीच्या आत सरकवला. मग सगळे दहा दिशांना पळाले, पोटाशी हेल्मेट धरून, जणू चेंडू आपल्याचकडे आहे. हार्वर्डवाले एकेकाला लोळवत सुटले. डिलन दोन्ही हात मोकळे हलवत, पाठीवर कुबड घेऊन थेट टोकाला पोचला. सामना कार्लाइल 12-11 असा एका गुणानं हरलं, पण देशभर लोक हसले ते हार्वर्डला.

आता खेळाबद्दल दोन शब्द, कारण आपल्यातले बरेच जण 'सुपर बोल'च्या रात्री नाचोज खाण्यापुरतेच त्याच्याशी संबंध ठेवून आहेत. कबड्डी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, मध्ये रेष, आणि चढाई करणाऱ्याच्या हातात चेंडू. पकड झाली की डाव थांबतो आणि जिथे पकडलं तिथून पुन्हा सुरू होतो. ठराविक संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा निव्वळ रेटारेटीचा खेळ होता. वजनदार पोरं एकमेकांचे हात धरून पाचर करत आणि समोरच्याला तुडवत जात. 1905च्या हंगामात देशात अठराच्या आसपास मुलं मेली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना विद्यापीठांची माणसं बोलावून घ्यावी लागली आणि 1906पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. मोठ्या विद्यापीठांनी नाकं मुरडली. कार्लाइलची मुलं अंगानं हलकी, पळायला चपळ. त्यांना हा नियम म्हणजे दुष्काळात पाऊस. 1907मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाला त्यांच्याच मैदानावर 26-6 हरवलं ते लांब, गिरक्या घेत जाणाऱ्या फेकींवर. हार्वर्डलाही त्याच वर्षी पहिल्यांदा नमवलं, 23-15. उशिरा का होईना, प्रॅटची दुसरी अट पुरी झाली, फक्त ती पाहायला प्रॅट शाळेत नव्हते. सरकारी खात्यावर जाहीर टीका केल्याबद्दल 1904मध्ये त्यांना घरी बसवलं होतं.

1912च्या हंगामाआधी नियम पुन्हा बदलले, आणि आज टीव्हीवर दिसतो तो खेळ जवळपास तेव्हाच ठरला. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार संधी, टचडाउनला पाचऐवजी सहा गुण, मैदान 110 यार्डांवरून 100 यार्डांवर, टोकाला चेंडू झेलायला दहा यार्डांची पट्टी, आणि फेक किती लांब असावी यावरचं बंधन गेलं. वॉर्नरनी उन्हाळ्यात बसून या नियमांना बेतलेली रचना तयार केली. दोन्ही हाफबॅक मागे न ठेवता रेषेच्या दोन टोकांना, पंखांसारखे. चेंडू कोणाकडे जाणार, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळू नये.

आणि त्यांच्याकडे जिम थॉर्प होता.

ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. आईनं ठेवलेलं नाव वा-थो-हुक, म्हणजे उजळलेली वाट. 1904मध्ये शाळेत आला, मधे निघून गेला, दोन उन्हाळे नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला, 1911मध्ये परतला. त्याच साली हार्वर्डविरुद्ध पायाला पट्ट्या बांधून त्यानं चार फील्ड गोल मारले आणि कार्लाइलनं 18-15 असा सामना काढला. 1912च्या जुलैत स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींची सुवर्णपदकं. त्याच्याच शाळेतला होपी धावपटू लुई तेवानिमा दहा हजार मीटरमध्ये दुसरा आला. एका निवासी शाळेतली दोन मुलं, तीन ऑलिंपिक पदकं. तेवानिमा 1907मध्ये कार्लाइलला आला तो मुलं शाळेत पाठवायला विरोध करणाऱ्या होपींपैकी एक म्हणून, सैन्याच्या पहाऱ्यात. स्मरणिकेच्या 'आमचे गुणवंत' या सदरात हे बसवून दाखवा.

ऑगस्टमध्ये गावानं मिरवणूक काढली, सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू झाला. एकूण चौदा सामने. सुरुवातीचे काही सोडले तर सगळे परगावी. छावणीतल्या मैदानावर प्रेक्षक मावत नसत आणि खरा पैसा मोठ्या शहरांतल्या तिकीटबारीवर होता. त्यामुळे हा संघ सप्टेंबर ते थँक्सगिव्हिंग आगगाडीतच राही. 26 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी खेळले, 34-20 जिंकले, आणि एकच दिवस मधे टाकून 28 तारखेला कॅनडात टोरोंटोच्या मैदानावर उभे. आपल्याकडे तमाशाचे फड जत्रांच्या हंगामात असे फिरतात. व्हिलानोव्हाला 65-0, पिट्सबर्गला 45-8, आणि आदल्या वर्षी ज्यांनी एका गुणानं हरवलं होतं त्या सिराक्यूजला 33-0. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी मात्र 0-0 अशी कोंडी झाली.

मग 9 नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट.

हडसन नदीच्या काठची ती सैनिकी अकादमी. एका बाजूला पुढे सेनाधिकारी होणारे कॅडेट, दुसऱ्या बाजूला एका जुन्या लष्करी छावणीत, लष्करी शिस्तीत वाढवलेली त्यांची मुलं, ज्यांच्याशी हे लष्कर कालपरवापर्यंत लढत होतं. वुंडेड नी इथे लाकोटांच्या बायका-पोरांवर घोडदळानं तोफा डागल्या त्याला जेमतेम बावीस वर्षं झाली होती. वॉर्नर एरवी सामन्याआधी फार बोलत नसत म्हणे. त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं की समोरच्यांचे बाप आणि आजे तुमच्या बाप-आजांशी लढले आहेत, हे लक्षात ठेवा. मला या आठवणीचं नेहमी आश्चर्य वाटतं. सगळी शाळा मुलांनी ते विसरावं म्हणून चालवली होती, आणि एका शनिवारच्या दुपारी, सामना जिंकायचा म्हणून, त्याच शाळेच्या पगारी माणसानं ते आठवा म्हणून सांगितलं.

पहिला टचडाउन आर्मीचा, म्हणजे वेस्ट पॉइंटचा, पण त्यावरची जादा गुणाची लाथ चुकली. 6-0. मग कार्लाइलचा बर्गी घुसला, थॉर्पनं जादा गुण मिळवला आणि मध्यंतराला 7-6. तोवर मारामारी होऊन गेली होती. कार्लाइलच्या पॉवेलनं ठोसा लगावला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. प्रॅटची पहिली अट त्या दिवशी मोडली. आर्मीचा कप्तान डेव्होर हा धिप्पाड गडी. त्याच्यासमोर चिपेवा जमातीचा जो गायन, अंगानं त्याच्याहून कितीतरी हलका. गायननं पूर्वार्धभर त्याला असं नाचवलं की तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला संतापलेल्या डेव्होरनं सरळ त्याच्या अंगावर उडी घेतली. डेव्होरही बाहेर.

कप्तान गेल्यावर आर्मीचा बांधच फुटला. क्वार्टरबॅक गस वेल्च डाव पुकारत होता. थॉर्प एका बाजूनं धावे आणि सगळे त्याच्यामागे, तेवढ्यात चेंडू घेऊन अलेक्स अर्कासा दुसऱ्या बाजूनं निसटे. अर्कासानं तीन टचडाउन केले. लोकांच्या लक्षात राहिला तो थॉर्प, पण गुणफलकावर अर्कासा आहे. थॉर्पची एक लांबलचक धाव पंचांनी नियमभंगासाठी रद्द केली. ती किती यार्डांची होती ते दुसऱ्या दिवशीचे वार्ताहर एक सांगतात, म्हाताऱ्या खेळाडूंच्या आठवणी भलतंच सांगतात, आणि प्रत्येक वेळी आकडा वाढत जातो. आर्मीच्या बचावात दुसऱ्या वर्षाचा एक कॅडेट होता. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं ठरवलं की थॉर्पला वरून-खालून एकदम धरून सामन्याबाहेर घालवायचं. थॉर्प ऐन वेळी थबकला आणि हे दोघे एकमेकांवर आदळले. कॅडेटचं नाव ड्वाइट आयझेनहॉवर. पुढल्याच सामन्यात त्याचा गुडघा कायमचा दुखावला आणि त्याचा फुटबॉल संपला. नंतर तो सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाला, आणि थॉर्पचं कौतुक करायला कधी चुकला नाही. शेवट: कार्लाइल 27, आर्मी 6.

पुढच्या शनिवारी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियानं त्यांना 34-26 हरवलं. एवढ्या मोठ्या विजयानंतर अंगातली हवा जाते, तसं झालं असावं. हंगामातला तो एकमेव पराभव. थँक्सगिव्हिंगला ब्राउन विद्यापीठाला 32-0 हरवून हिशेब मिटला: बारा विजय, एक हार, एक बरोबरी. थॉर्पचे टचडाउन 25च्या घरात.

एरवीच्या स्मरणिकेत इथे सुवर्णकाळाचं प्रकरण संपतं आणि पुढलं पान जाहिरातीचं असतं. पण पुढच्या सव्वा वर्षात जे झालं त्यावाचून हा हंगाम कळत नाही.

1913च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या एका वर्तमानपत्रानं छापलं की थॉर्प पैसे घेऊन बेसबॉल खेळलेला आहे. हौशी खेळाडूंच्या नियमांत ते बसत नव्हतं. कॉलेजची अनेक गोरी मुलं तेच करत, फक्त खोट्या नावानं. थॉर्पनं स्वतःचं नाव लावलं होतं. वॉर्नर आणि अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं असं जाहीर केलं. दोन वर्षं आपला सर्वोत्तम खेळाडू कुठे होता हे प्रशिक्षकाला माहीत नव्हतं, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्यानं ठेवावा. थॉर्पच्या सहीचं एक पत्र गेलं, मी अडाणी शाळकरी इंडियन मुलगा, मला यातलं कळत नव्हतं अशा अर्थाचं. पदकं परत गेली. ऑलिंपिकच्या नियमानुसार अशी हरकत तीस दिवसांत घ्यायला हवी होती आणि मुदत उलटून महिने झाले होते, हे कोणीही पुढे आणलं नाही.

मैदानावर ज्यानं डाव पुकारले तो गस वेल्च मात्र गप्प बसला नाही. त्यानं अर्ज लिहिला, दोनशेहून अधिक मुलामुलींच्या सह्या घेतल्या आणि तो वॉशिंग्टनला पोचवला. 1914च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसची समिती छावणीत येऊन बसली. जेवण अपुरं असल्याच्या तक्रारी निघाल्या. एका मुलीला फळीनं मारल्याची साक्ष झाली. वॉर्नर शिवीगाळ करतात असं खेळाडूंनीच सांगितलं. आणि निघाला तो क्रीडा निधी. तिकीटबारीवरचा पैसा सरकारी हिशेबात येतच नव्हता. वेगळं खातं, त्यातून वॉर्नरचं राहतं घर बांधलेलं, खेळाडूंना पैसे वाटलेले, आणि नावाजलेल्या गड्यांना गावच्या दुकानातून पंचवीस डॉलरचा ओव्हरकोट. आगगाडीतून देशभर फिरून हार्वर्डला हरवायचं आणि वर्षाकाठी एक कोट. आपल्याकडच्या संस्थांचे ताळेबंद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही 'वेगळ्या खात्या'ची भाषा परकी वाटणार नाही. फ्रीडमनना जावं लागलं. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात गेले, तिथेही जिंकत राहिले.

मग संस्था लवकर मावळली. शेवटचा फुटबॉल हंगाम 1917चा. पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी लष्कराला आपली छावणी परत हवी होती, आणि 1 सप्टेंबर 1918ला शाळा बंद झाली. संघाचा जमाखर्च 167 विजय, 88 पराजय, 13 बरोबरी असा मांडतात. आता तिथे आर्मी वॉर कॉलेज आहे. डिसेंबर 2024मध्ये जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

मागच्या वसंतात मी तिथे जाऊन आलो. फाटकावर ओळखपत्र पाहून, चौकशी करून आत सोडतात. मैदान अजून आहे, नाव 'इंडियन फील्ड'च, एका बाजूला जुना छपरी स्टँड. एक अधिकारी धावण्याच्या पट्टीवर घाम गाळत होता. मी स्टँडच्या पायरीवर बसून डबा खाल्ला, पोळी आणि बटाट्याची भाजी. नंतर कब्रस्तानात गेलो. रस्त्याजवळच आहे, एकसारखे पांढरे संगमरवरी दगड, सैनिकांना लावतात तसेच. शाळेत असताना दगावलेली मुलं, बहुतेक क्षयानं. 1927मध्ये जुनी दफनभूमी हलवून ती इथे आणली, तेव्हा नोंदींची सरमिसळ झाली. काही दगडांवर नावाच्या जागी नुसतं 'अज्ञात' कोरलेलं आहे. 2017पासून जमातीची माणसं येऊन आपली मुलं घरी नेऊ लागली. नॉर्दर्न अरापाहोंनी त्या वर्षी तीन थडगी उघडली. लिटल प्लूम नावाच्या मुलाच्या थडग्यात तो नव्हता, दुसऱ्या दोघांची हाडं होती. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जागी सापडला आणि वायोमिंगला गेला.

थॉर्प या कब्रस्तानात नाही. तो 1953मध्ये कॅलिफोर्नियात वारला. त्याच्या बायकोनं इथून शंभरेक मैलांवरच्या मॉक चंक या गावाशी करार केला: गावानं स्मारक बांधायचं, त्याचं नाव लावायचं, आणि देह तिथे ठेवायचा. गावानं शब्द पाळला; नकाशात आज 'जिम थॉर्प' असंच आहे. पुढे मुलांनी त्याला ओक्लाहोमाला न्यायचं म्हणून दावा लावला, एका न्यायालयात जिंकले, 2014मध्ये वरच्या न्यायालयात हरले, आणि सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायचं नाकारलं. पदकांच्या प्रतिकृती 1983मध्येच घरच्यांना मिळाल्या होत्या. 2022मध्ये ऑलिंपिक समितीनं त्याला पुन्हा एकट्याला विजेता ठरवलं. गाव डोंगरात आहे, पानगळीत मंडळाची सहल काढण्यासारखं. ज्या गावात तो कधी राहिला नाही तिथे लालसर दगडाची पेटी आहे, आणि तिच्याखाली ओक्लाहोमाहून आणून टाकलेली माती. स्टॉकहोमच्या मैदानातलीही थोडी आहे.